मुठीत ठेवायची वस्तू

चैत्राली ती चकती सगळीकडे शोधत होती. टेबलावरचं काळं मखमली कापड तिनं उचलून झटकलं, बिस्किटांच्या जुन्या डब्यात हात घालून आतला सगळा कापूस बाहेर काढला, कॅमेऱ्याच्या स्टँडखाली वाकून पाहिलं, मग खुर्ची मागे सरकवून गुडघ्यांवर बसली आणि फरशीवर हात फिरवत भिंतीपर्यंत गेली. भीती वाटायला हवी, एवढं तिला कळत होतं. दोन हजार वर्षं मातीत राहून अख्खी वर आलेली वस्तू आपल्या हातून हरवली आहे, म्हणजे छातीत धडधडायला हवं, तळवे ओले व्हायला हवेत. तसं काहीच होत नव्हतं. नळ बंद करायचा राहिला असावा, तसं काहीतरी लांबवर चालू होतं, इतकंच. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "ऊना, ती जेडची चकती सापडत नाहीये." लिलावघराची मालकीण ऊना हेशन दारातच उभी होती, केव्हापासून कोण जाणे. साठीची उंच बाई, चष्मा नेहमी केसांत खोचलेला. तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला, थोडा वेळ चैत्रालीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुझ्या डाव्या हातात काय आहे, लव्ह?"

डाव्या हाताची मूठ होती. चैत्रालीनं ती उघडली. चकती आतच होती. तळहातावर तिच्या कडेचा गोल वळ उठला होता आणि त्याच्या मध्ये भोकाचा छोटा गोल. म्हणजे बराच वेळ, घट्ट धरली होती. "मला तर हातात धरवत नाही ती, बर्फ नुसता," ऊना म्हणाली आणि चकती उचलून घेऊन मखमलीवर ठेवली. "जा, चहा कर. दोघींसाठी." चैत्राली चहा करायला गेली. किटली उकळेपर्यंत ती तळहात पाहत उभी राहिली. जेड हातात घेतलं की आधी गार लागतं, मग सावकाश अंगाची ऊब घेतं, आणि एकदा घेतली की सहजासहजी सोडत नाही, हे तिनंच कधीतरी डब्लिनला शिकत असताना एका निबंधात लिहिलं होतं. आधीच्या गारपणाचं वाक्य तिला आठवत होतं. गारपणा मात्र लागला होता की नाही, हे काही केल्या आठवेना.

चकती आणि तिच्यासोबतच्या वस्तू स्ट्रॅडबॅली गावाकडच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या घरातून आल्या होत्या. डॉक्टर वारले, मुलीनं घर विकायला काढलं, आणि माळ्यावर हा बिस्किटांचा डबा निघाला. डॉक्टरांचे एक चुलते फार पूर्वी चीनमध्ये जकातखात्यात नोकरीला होते. त्यांनी तिकडून आणलेलं हे सामान डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातल्या कापसात, दाढ भरताना गालात धरायला देतात त्या गुंडाळ्यांमध्ये, एकेक करून निगुतीनं ठेवलं होतं. हिरवट पिवळी चकती, तिच्यावर धान्याचे दाणे पेरावेत तसे बारीक उंचवटे. जिभेवर ठेवायचा एक सपाट किडा, पंख मिटलेला. आणि दोन लांबट डुकरं, जेमतेम डुकरं म्हणून ओळखू येतील इतक्याच रेघांची. सगळं मेलेल्या माणसांसाठी केलेलं. जेडवर लोखंड चालत नाही. वाळू आणि पाणी घालून ते झिजवावं लागतं. कुणीतरी कुणाच्या तरी मरणासाठी महिनोन्‌महिने बसून हे झिजवलं होतं. चकतीच्या एका बाजूला दगड पांढुरका पडला होता, उकडलेल्या कोंबडीच्या हाडासारखा. जमिनीत, देहाच्या शेजारी पडून राहिलं की जेडचा रंग असा उडतो. चैत्रालीनं त्या पांढऱ्या भागाचे जवळून फोटो काढले, प्रकाश नीट लावून. कॅटलॉगमध्ये तिनं 'थडग्यातली' असं लिहिलं होतं, ते ऊनानं खोडून 'विधीची' असं केलं. लोकांना प्रेतं आवडत नाहीत, असं ती म्हणाली. चैत्रालीनं बदल करून टाकला. तिला दोन्ही शब्द सारखेच वाटत होते.

ऑगस्टपासून सगळंच सारखं वाटत होतं. ऑगस्टमध्ये, सहावा संपून सातवा लागला तेव्हा, एका सकाळी पोटातली हालचाल थांबल्यासारखी वाटली म्हणून ती आणि तिचा नवरा संकेत गावातल्या हॉस्पिटलमध्ये गेले होते. ठोका लागत नव्हता. पुढचं सगळं तिनं नीट पार पाडलं, सांगितलं तसं केलं, कळा दिल्या. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही, उलट सगळे इतके हळू बोलत होते की तिला झोप येत होती. मग एका नर्सनं, गोऱ्यापान, गालावर तीळ असलेल्या बाईनं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर धरून विचारलं, "तुला तिला जवळ घ्यायचंय का?" आणि चैत्राली म्हणाली, "नो, यू'र ग्रँड." इकडे कुणी अजून चहा हवा का विचारलं की म्हणतात तसं. नको, राहू दे, ठीक आहे. इतकी वर्षं इथं राहून तोंडात बसलेला शब्द. पुण्यात किंवा अमरावतीत असती तर कदाचित नुसती मान हलवली असती, किंवा ओरडली असती. तोंडून निदान दुसऱ्याची भाषा तरी निघाली नसती. नर्सनं मान डोलावली. संकेतनं पुढे होऊन हात केले. चैत्रालीनं भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर फिकट निळा रंग होता आणि एका ठिकाणी चिकटपट्टी काढल्याची खूण. ती खूण तिला अजून हुबेहूब काढून दाखवता आली असती.

नंतर दूध आलं. ते येईल असं कुणी सांगितलं असेलही, तिनं ऐकलं नव्हतं. संकेतनं हॉस्पिटलला फोन करून विचारलं आणि टेस्कोतून कोबी आणला. दूध आटावं म्हणून त्याची पानं फ्रिजमध्ये गार करून छातीशी ठेवायची, इथल्या बायका तसंच करतात. तो पानं सोलून, मधली शीर लाटण्यानं चेपून देत होता आणि ती ब्लाउजमध्ये ठेवत होती. घरभर कोबीचा वास. उरलेल्या गड्ड्याची त्यानं भाजी केली, मटार घालून, आणि दोघांनी ती खाल्ली. त्याच आठवड्यात कधीतरी, ती गोळी घेऊन झोपलेली असताना, संकेत दफनाला जाऊन आला. "झालं सगळं," तो म्हणाला. तिनं "बरं" म्हटलं. त्यावर पुन्हा बोलणं निघालं नाही. घरच्यांचे फोन येत. त्यात सगळे 'जे झालं ते' म्हणत, 'तो प्रकार' म्हणत. विचार करू नका, वय आहे, पुन्हा होईल. ती हो म्हणे. तिला त्यांचा राग आला नाही. राग येण्याची जागा कुठे आहे हे माहीत होतं, पण तिथं काही नव्हतं, दात काढल्यावर जीभ जाते तशी ती तिथं जाऊन यायची.

आईचं तिकीट ऑक्टोबरचं होतं, बाळंतपणासाठी काढलेलं. स्नेहलताबाई अमरावतीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या; "तिकीट काढलं आहे तं मी येतेच," एवढं म्हणाल्या आणि आल्या. विमानतळावरून घरी येऊन त्यांनी बॅग उघडली तेव्हा डिंक, अळीव, खारका, सगळं होतं. झबली-टोपडी तेवढी नव्हती. ती तिकडेच काढून ठेवली असणार, कारण बॅगेच्या त्या कोपऱ्यात तुरीची डाळ कोंबली होती. दुसऱ्या दिवशी चैत्राली कामावरून आली तर स्वयंपाकघरात आई डिंक तळत होती. "आई, कशासाठी?" चैत्रालीनं विचारलं. आईनं मागे न बघता कढईतला डिंक हलवला. "कशासाठी म्हणजे? लेकरू घरी नाही आलं म्हणून तू बाळंतीण नाही का वं? हाडं तं झिजली ना तुही. बस, कंबर शेकून देते." चैत्राली बसली. आईनं तव्यावर कापड गरम करून कमरेला लावलं. रोज सकाळी एक लाडू ती खाऊ लागली, गाडीत, सिग्नलला. चव लागायची. चव लागते हे तिनं स्वतःशी नोंदवलं होतं.

शनिवारी लिलावाआधी वस्तू बघायला लोक येतात. संकेतचं ऑफिसचं काम निघालं होतं आणि आई घरात एकटी बसून कंटाळली होती, म्हणून चैत्राली तिला घेऊन गेली. लिलावघर गावाबाहेर, पूर्वीच्या दूध डेअरीच्या इमारतीत. आत ओल्या कोटांचा वास, जुनी कपाटं, चिनी मातीच्या बशा, गुंडाळलेले गालिचे. ऊनानं आईशी हस्तांदोलन केलं, "यू'र वेलकम, यू'र वेलकम" म्हणाली, आपल्याकडे 'या, या' म्हणतात तसं. आईनं नमस्कार केला. आई एकेक टेबल नीट वाचल्यासारखं बघत पुढे सरकत होती. जेडच्या काचेच्या पेटीपाशी येऊन ती थांबली. "हे डुक्कर आहे का?"

"हो."

"कायचं आहे?"

"जेडचं. मेलेल्या माणसाच्या मुठीत ठेवायचे. दोन्ही मुठींत एकेक. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून."

"अन् हा गोल?"

"छातीवर. नाहीतर पाठीखाली."

"मधात भोक कायले?"

"कुणालाच नक्की माहीत नाही, आई. आकाश गोल म्हणून, असं नंतरच्यांनी लिहून ठेवलंय. पण अशा चकत्या त्याच्याही कितीतरी आधीपासूनच्या आहेत. तेव्हा त्यांना लिहिताच येत नव्हतं."

आईनं मान हलवली. काचेत तिचा चेहरा आणि डुकरं एकावर एक दिसत होती. "आपल्यातही ठेवतात ना. तुळशीचं पान, सोन्याचा मणी. तुह्या बाबांच्या वेळी मीच ठेवला होता." मग ती तितक्याच साध्या आवाजात, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसं म्हणाली, "आपल्या पोरीच्या हातात काय ठेवलं होतं वं?"

आपल्या पोरीच्या. हा शब्द कुणीच उच्चारला नव्हता. नर्सनं 'तिला' म्हटलं होतं, पण ते इंग्रजीत होतं. चैत्राली पेटीच्या कुलपाकडे बघत राहिली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "माहीत नाही म्हणजे?" "मी पाहिलं नाही आई. मी घेतलंच नाही तिला. नको म्हणाले." आईनं तिच्याकडे वळून पाहिलं. आता ती काहीतरी बोलेल असं चैत्रालीला वाटलं, काहीही, आणि ते ऐकायला ती तयार होती. पण आईनं फक्त तिच्या कोटाची वर आलेली कॉलर नीट दुमडली, कोटावरचा एक धागा काढला, आणि म्हणाली, "संकेतरावांना ठाऊक असल." मागे कुणीतरी घड्याळाची किंमत विचारत होतं. ऊना पलीकडून बघत होती, भाषा न कळताही. चैत्राली टेबलापाशी गेली, पेन घेतलं, आणि पेटी उघडून आतल्या कार्डावर 'विधीची' या शब्दापुढे लिहिलं: मृताच्या मुठीत ठेवण्यासाठी. ऊनानं येऊन ते वाचलं आणि कार्ड तसंच राहू दिलं.

संध्याकाळी संकेत स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. आईनं कुकर लावला आणि जरा पडते म्हणून वर गेली. ती या वेळी कधी पडत नसे. चैत्राली कपाटातून, म्हणजे हल्ली इथल्या लोकांसारखं ती त्याला प्रेसच म्हणायची, ताटं काढत होती. ताटं हातात असतानाच तिनं विचारलं, "तिच्या हातात काय ठेवलं होतंस?"

संकेतनं कुणाच्या, असं विचारलं नाही. त्यानं लॅपटॉप मिटला. "काही नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे काही नव्हतंच. कारची किल्ली होती. मला सुचलंच नाही गं काही, कुणी सांगायलाही नव्हतं. मी बोट दिलं होतं."

"बोट?"

"करंगळी. तिच्या मुठीत मावत होती. म्हणजे, मूठ मीच मिटली तिची. झाकण लावायच्या वेळेपर्यंत होतं. मग काढून घ्यावं लागलं." त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही. तो खिडकीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत सांगत होता, कामाची माहिती द्यावी तसं. "अंगात पांढरा फ्रॉक होता. इथल्या बायका आपले लग्नाचे झगे देऊन टाकतात, त्यातून अशा बाळांसाठी शिवतात, नर्सनं सांगितलं. बाहीला बारीक मोती होते. आणि तिथला पाद्री होता, चांगला माणूस, त्यानं विचारलं, नाव काय म्हणू? मी म्हटलं, निहारिका. तुला विचारायला हवं होतं. तू झोपली होतीस."

"निहारिका कुठून आलं?"

"माहीत नाही. तोंडात आलं. त्याला म्हणता येईना. तीनदा म्हणून पाहिलं त्यानं, मग जमलं."

कुकरची शिट्टी झाली. चैत्रालीनं गॅस बारीक केला. आपल्याला एक मुलगी होती, तिला नाव होतं, आणि ते नाव दोन महिने या घरात एका माणसाकडे होतं. ती हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, परक्या गावाचा पत्ता पाठ करावा तशी. संकेत रागावला असेल का, आपण भिंतीकडे तोंड केलं म्हणून? त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तिथं फक्त खूप थकवा होता आणि डाव्या गालावर तळहात टेकून बसल्याचा वळ. "रविवारी तू पळायला जातोस," ती अचानक म्हणाली. "हो," तो म्हणाला. "तिथंच जातो. जाताना पळत. येताना पळवत नाही, चालत येतो." तिनं हातातली ताटं टेबलावर ठेवली. खूप वेळ धरून ठेवल्यानं बोटं आखडली होती. "उद्या तिघं जाऊ या," ती म्हणाली.

दफनभूमी मोठी होती, पण बाळांची जागा एका कोपऱ्यात, कुंपणाच्या झाडांलगत. पाऊस नव्हता, नुसती हवेत ओल. चैत्रालीला वाटलं होतं तिथं शांत, उदास असेल. तिथं तर जत्रेसारखं होतं. रंगीत भिरभिरी, टेडी, प्लास्टिकच्या परी, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या संघाच्या, निळ्या-पांढऱ्या रंगाचे इवले टीशर्ट काठ्यांवर टांगलेले, आणि वाऱ्यानं सगळं फडफडत, किरकिरत होतं. संकेत सराईतासारखा वाट काढत गेला. एक लहान लाकडी पाटी, तिच्यावर इंग्रजीत निहारिका. पाटीसमोरची माती स्वच्छ होती. बाकी काहीच नव्हतं. चैत्राली उभी राहिली. आईनं चपला काढल्या, ओल्या गवतात मोज्यांनी पुढे गेली, हात जोडले, आणि मग खाली बसून पाटीवरचा चिखल पदरानं पुसू लागली. चैत्राली वाट पाहत होती. आता काहीतरी येईल, घशात, डोळ्यांत. आलं नाही. भिरभिरं किरकिरत राहिलं.

शेजारच्या दगडापाशी एक म्हातारी बाई घमेलं आणि खुरपं घेऊन उभी होती. ती संकेतला ओळखत होती. "आज पळत नाही आलास," ती त्याला म्हणाली, आणि मग चैत्रालीकडे वळून, "तू आई का?"

चैत्राली म्हणाली, "हो."

"मी ब्रीज. हा आमचा डेक्लन. एकच दिवस होता बिचारा. आता असता तर तुझ्याहून मोठा असता." मग लगेच, दुःखाचा विषय संपवून कामाचा काढावा तशी, "तुझे गुडघे बरे असतील ना? माझे गेले. डॅफोडिलचे कांदे लावायचेत, फ्रॉस्ट पडायच्या आत. जरा खड्डे करून देतेस का?"

चैत्राली नाही म्हणू शकली असती. नो, यू'र ग्रँड. शब्द जिभेवर आलाही होता. ती खाली बसली आणि खुरपं घेतलं. माती जड, काळी, मध्ये खडे. ब्रीज वरून सांगत होती, अजून खोल, अजून, शेंडा वर ठेव, हां. आईनं मागे येऊन छत्री धरली, पाऊस नसतानाही. संकेत खडे वेचून बाजूला टाकत होता. डेक्लनच्या दगडाभोवती कांदे लावून झाले, चैत्रालीनं माती हातानं दाबली, आणि घमेल्यात पाहिलं तर काही उरले होते. "ते तुझ्या पोरीला," ब्रीज म्हणाली. चैत्राली गुडघ्यांवरच पुढे सरकली, पाटीपर्यंत. इथं खणायला ती कचरली. किती खोल, हे तिनं कुणाला विचारलं नाही. तिनं खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनीच माती उकरली, थोडीच, वरवरची, एकेक कांदा ठेवला, माती लोटली. नखांत माती गेली, एक नख मुळाशी तुटलं आणि दुखलं. तुटलेल्या नखाचं दुखणं बोटातून मनगटापर्यंत आलं. ती तशीच बसून राहिली, हात मातीवर ठेवून. काही वेळानं तिच्या लक्षात आलं, संकेतचा हात शेजारी मातीवर आहे आणि आईचा तिच्या पाठीवर.

निघताना आईनं चपला घातल्या आणि हलक्या आवाजात म्हणाली, "चल. मागं वळून नको पाहू. अशा ठिकाणून असंच निघतात." चैत्रालीला ठाऊक होतं. अशा ठिकाणी निरोप घ्यायचा नसतो, जाते म्हणायचं नाही आणि येते तर मुळीच नाही. बाबांच्या वेळी घरी भेटायला येणारे लोक असेच न बोलता चपला शोधत जायचे. ती काही पावलं गेली, आईच्या मागून, संकेतच्या पुढे. फाटकापाशी ती थांबली आणि वळली. भिरभिऱ्यांच्या गर्दीत पाटी दिसत नव्हती, फक्त जागा कळत होती.

"येते गं," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

आई जागच्या जागी उभी राहिली. तिकडे कोपऱ्यात ब्रीजला शब्द कळले नाहीत, पण वाटलं, आपल्यालाच म्हटलं. तिनं खुरपं उंच करून हलवलं आणि ओरडून उत्तर दिलं, "ये हं, पुढच्या रविवारी!"